स्वतंत्र अल्बम सुचवावा कसा आणि त्यावर वाद घालावा कसा

एखादा अल्बम मनात घर करून बसला की तो दुसऱ्याच्या कानावर घातल्याशिवाय चैन पडत नाही, आणि या उतावळेपणातच बहुतेक शिफारशी वाया जातात. ‘हा ऐकच, वेड लागेल’ एवढे सांगून आपण मोकळे होतो. समोरचा पहिले गाणे अर्धवट ऐकतो, त्याला वेड लागत नाही, आणि तो अल्बम त्याच्यासाठी कायमचा मिटतो. मोठ्या कंपन्यांच्या संगीतामागे जाहिरातीचे बळ असते, त्यामुळे ते न शोधताही कानावर पडत राहते. छोट्या लेबलने, म्हणजे संगीत काढणाऱ्या छोट्या कंपनीने, किंवा कलाकाराने स्वतःच काढलेल्या अल्बमला मात्र एका श्रोत्याने दुसऱ्याला सांगणे हाच पुष्कळदा एकमेव आधार असतो, म्हणून ते सांगणे नीट जमले पाहिजे. माझे म्हणणे असे आहे की शिफारस करताना अल्बमची थोरवी गाऊ नये, ऐकणाऱ्याला त्यात शिरण्याची वाट दाखवावी. आणि वाद घालायचा तो असा घालावा की तो संपताना दोघांनाही तो अल्बम पुन्हा लावावासा वाटेल.

सुचवण्याआधीचे ऐकणे

जो अल्बम आपण स्वतः तीनदा सलग ऐकलेला नाही तो दुसऱ्याला सुचवू नये, असा नियम मी पाळतो. पहिल्यांदा हातातले काम बाजूला ठेवून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावा. दुसऱ्यांदा चांगल्या हेडफोनवर, वाद्ये कुठे ठेवली आहेत आणि गायकाचा आवाज किती पुढे आहे याकडे लक्ष देऊन ऐकावा. आणि तिसऱ्यांदा मध्ये काही दिवस जाऊ देऊन मग ऐकावा, म्हणजे पहिल्या भेटीचा भर ओसरल्यानंतर काय उरते ते कळते. या तिसऱ्या वेळी कागद जवळ असू द्यावा. ज्या क्षणी मान आपोआप वर होते त्या क्षणाची वेळ, म्हणजे कोणते गाणे आणि कितवे मिनिट, लिहून ठेवावी. पुढे शिफारशीतही आणि वादातही हीच टिपणे कामाला येतात. ‘फार सुंदर आहे’ हे वाक्य येत नाही.

त्याचबरोबर आपण नेमके काय ऐकतो आहोत हेही पाहून घ्यावे. जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत शेवटी चार-पाच जादा गाणी जोडलेली असतात, आणि ती सलग वाजली की अल्बमचा खरा शेवट कुठे होता हेच हरवून जाते. शफल बंद असावे, आणि एक गाणे दुसऱ्यात मिसळणारी क्रॉसफेडची सोयही बंद असावी, कारण दोन गाण्यांमधली शांतता कोणीतरी मोजून ठेवलेली असते. तबकडीच्या काळातल्या अल्बमला तर दोन बाजू असत, आणि एका बाजूवर सुमारे २० ते २२ मिनिटांहून अधिक संगीत चांगल्या दर्जात बसवणे कठीण जाई. त्यामुळे पहिल्या बाजूचा शेवट आणि दुसरीची सुरुवात या दोन जागा विचारपूर्वक भरलेल्या असत. जॉय डिव्हिजन या ब्रिटिश बँडच्या ‘अननोन प्लेझर्स’ या १९७९ च्या अल्बममध्ये दहा गाणी आहेत, आणि तबकडीवर त्याच्या दोन बाजूंना ‘आउटसाइड’ आणि ‘इनसाइड’ अशी नावे दिली होती. स्ट्रीमिंगवर पाचवे गाणे संपताच सहावे सुरू होते आणि तो उंबरठा जाणवत नाही. असा अल्बम सुचवताना ‘पाचव्यानंतर क्षणभर थांबा’ एवढे जरी सांगितले तरी ऐकणाऱ्याचा अनुभव बदलतो.

माणूस पाहून शिफारस

शिफारशीत नेमका इथे घोटाळा होतो: आपण आपल्या आवडीचा अल्बम देतो, समोरच्याच्या कानाचा विचार करत नाही. माझ्या एका मित्राला मी स्लिंट या अमेरिकी बँडचा ‘स्पायडरलँड’ दिला होता. १९९१ मध्ये टच अँड गो या शिकागोच्या लेबलने काढलेला, चार दिवसांत ध्वनिमुद्रित झालेला, अवघ्या सहा गाण्यांचा हा अल्बम. पुढच्या काळातल्या कितीतरी बँडनी त्याचे ऋण मानले. मी त्याला हे सगळे इतिहासासह सांगितले आणि ‘आयुष्य बदलेल’ अशी पुस्तीही जोडली. त्याने तो फोनच्या छोट्या स्पीकरवर लावला. या अल्बममध्ये शब्द बहुतेक ठिकाणी गायलेले नाहीत, बोललेले आहेत, तेही गिटारच्या मागे, खालच्या पट्टीत. त्या स्पीकरवर त्याला एक अस्पष्ट पुटपुट तेवढी ऐकू आली आणि त्याने दुसऱ्या गाण्यातच तो बंद केला. दोष अल्बमचा नव्हता आणि त्याच्या कानाचाही नव्हता. मी त्याला ओझे दिले होते, वाट दिली नव्हती.

काही महिन्यांनी मी तोच अल्बम पुन्हा सुचवला, पण या वेळी फक्त शेवटचे गाणे दिले आणि एवढेच सांगितले: रात्री, हेडफोनवर ऐक, बासचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येत राहील, कंटाळा आला तरी थांब, बोलणारा माणूस शेवटी कुठे पोहोचतो ते पाहा. हा मित्र नाटकवेडा आहे, संथपणे चढत जाणारा प्रसंग त्याला कळतो, हे मला पहिल्या वेळीही ठाऊक होते. मी त्याचा उपयोग केला नव्हता एवढेच. दुसऱ्या दिवशी त्याने उरलेली पाच गाणी आपणहून ऐकली.

म्हणून शिफारस लिहिण्याआधी समोरच्याला दोन प्रश्न विचारावेत. हल्ली तू कोणता अल्बम पुन्हा पुन्हा लावतोस, आणि कोणता अल्बम अर्ध्यावर सोडलास? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक मोलाचे असते. ज्याने एखादा अल्बम ‘सगळी गाणी सारखीच वाटतात’ म्हणून सोडला त्याला चालीतली विविधता हवी असते. ‘आवाज फार अंगावर येतो’ म्हणणाऱ्याला मोकळी जागा हवी असते. आणि ‘शब्दच कळत नाहीत’ म्हणणाऱ्याला गायक पुढे हवा असतो, त्याला माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा ‘लव्हलेस’ पहिल्याच भेटीत देऊ नये, कारण तिथे गायन गिटारच्या लाटांत मुद्दाम बुडवलेले आहे. संगीताच्या प्रकाराचे नाव विचारून मात्र फारसे काही हाती लागत नाही. एकाच नावाखाली इतके वेगवेगळे आवाज नांदतात की ‘मला इंडी (म्हणजे स्वतंत्र संगीत) आवडते’ या उत्तरातून दिशा मिळत नाही.

प्रत्यक्ष शिफारस चार-पाच वाक्यांची असावी. अल्बमचे आणि कलाकाराचे नाव, वर्ष, एकूण लांबी. समोरच्याला आधीपासून आवडणाऱ्या कोणत्या गोष्टीशी तो जोडला जातो. आत शिरण्यासाठी एक गाणे, आणि ते पहिलेच किंवा सर्वांत गाजलेलेच असायला हवे असे नाही. आणि शेवटी, कुठे धीर धरावा लागेल याची प्रामाणिक कल्पना. हा शेवटचा भाग लोक गाळतात, कारण त्यांना वाटते की उणीव सांगितली तर ऐकणारा मागे फिरेल. अनुभव उलटा आहे. ‘चौथे गाणे मलाही लांबलेले वाटते, पण पाचव्यासाठी ते सहन करतो’ असे सांगणाऱ्या माणसावर विश्वास बसतो. एका वेळी एकच अल्बम सुचवावा. दहा नावांची यादी पाठवली की त्यातले एकही ऐकले जात नाही.

दंतकथांपासून सावध

स्वतंत्र अल्बमभोवती कथा लवकर जमतात, आणि त्या सांगायला सोप्या असल्यामुळे संगीताची जागा घेतात. निर्वाणा या बँडचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ १९८९ मध्ये सब पॉप या सिअॅटलच्या लेबलने काढला आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाला ६०६ डॉलर १७ सेंट लागले, हे असंख्य लोकांना पाठ असते. त्यातल्या कोणत्या गाण्यात ढोल आणि गिटार एकमेकांना कसे ढकलतात हे सांगू शकणारे त्या मानाने थोडे. बॉन इव्हेरच्या ‘फॉर एमा, फॉरेव्हर अगो’चेही तसेच. बॉन इव्हेर या नावाने गाणारा जस्टिन व्हर्नन २००६-०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या एका लाकडी घरात एकटा राहून गाणी करत होता, २००७ मध्ये त्याने ती स्वतःच काढली आणि २००८ मध्ये जॅगजॅगुवार या लेबलने ती पुन्हा काढली, ही गोष्ट इतकी सांगितली गेली आहे की ऐकणारा बर्फ आणि एकांत यांच्याच शोधात बसतो. त्या अल्बमचा खरा नवलाचा भाग म्हणजे एकाच माणसाचे वरच्या पट्टीतले आवाज थरावर थर चढवून उभा केलेला समूह. तो आधी ऐकू द्यावा, घराची गोष्ट नंतर सांगावी.

कथा कधी कधी चुकीच्याही वाटेला नेते. ‘ब्लीच’वर गिटारवादक म्हणून जेसन एव्हरमनचे नाव आहे आणि मुखपृष्ठावरच्या छायाचित्रात तो दिसतोही, पण ध्वनिमुद्रणात त्याने काहीच वाजवलेले नाही, खर्च त्याने दिला होता, म्हणून बँडने त्याचे नाव घातले. वेष्टनावर छापले आहे एवढ्यावरून ‘दुसऱ्या गिटारचा किती सुरेख उपयोग केला आहे’ असे म्हणणारा माणूस कानाने ऐकत नसतो, डोळ्याने वाचत असतो.

‘स्वतंत्र’ म्हणजे नेमके काय

वादाची पहिली ठिणगी बहुधा इथेच पडते, म्हणून सुरुवातीलाच अर्थ ठरवून घ्यावा. या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत गुंतलेले आहेत. एक व्यवहाराचा: सध्या युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन मोठ्या समूहांच्या मालकीबाहेरून निघालेले संगीत. दुसरा धाटणीचा: एक विशिष्ट गिटारप्रधान, किंचित खडबडीत आवाज. ब्रिटनमध्ये १९८० पासून स्वतंत्र संगीताची वेगळी क्रमवारी सुरू झाली, आणि तिथे कसोटी वितरणाची होती. मोठ्या कंपन्यांच्या साखळीबाहेरून विकली गेलेली तबकडी तिच्यात बसे, मग ती कशीही वाजो. त्यामुळे त्याच दशकाच्या शेवटी काइली मिनोग या पॉप गायिकेची झगमगीत नाचाची गाणी त्या क्रमवारीत वर पोहोचली, कारण तिचे लेबल आणि त्याचे वितरण स्वतंत्र होते. धाटणीवरून स्वतंत्रपणा ठरवणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचे आहे, पण टाळता येण्यासारखे नाही.

सीमेवरची उदाहरणे आणखी आहेत. क्रिएशन लेबलने १९९२ मध्ये सुमारे निम्मा हिस्सा सोनीला विकला, मग त्यानंतरचे त्याचे अल्बम कशात धरायचे? रेडिओहेड हा बँड वर्षानुवर्षे मोठ्या कंपनीच्या आधारे नावारूपाला आला आणि २००७ मध्ये ‘इन रेनबोज’ त्याने स्वतःच, ‘हवी ती किंमत द्या’ म्हणून, इंटरनेटवर ठेवला. तो स्वतंत्र म्हणायचा का? माझे मत असे की अल्बम निघाला त्या दिवशी मालकी कोणाची होती एवढेच पाहावे, कलाकाराचा आधीचा किंवा नंतरचा संसार पाहू नये. या मापाने ‘इन रेनबोज’ स्वतंत्र ठरतो, आणि २०११ मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळालेला आर्केड फायर या बँडचा ‘द सबर्ब्ज’ही, अमेरिकेत मर्ज या लेबलने काढलेला म्हणून, स्वतंत्रच राहतो, यश मिळाल्याने स्वतंत्रपणा जात नाही. कोणाला दुसरे माप हवे असेल तर त्याने ते खुशाल घ्यावे, पण वाद सुरू होण्यापूर्वी सांगावे, मध्येच बदलू नये.

वाद कसा चालवावा

आवडीवर वाद होत नाही असे म्हणतात, आणि ‘मला आवडले नाही’ एवढ्यावर खरोखरच होत नाही. ‘मला आवडले नाही’, ‘हे नीट बनवलेले नाही’ आणि ‘याचे महत्त्व फुगवले आहे’ ही तीन वेगळी विधाने आहेत. पहिल्याला उत्तर नसते, दुसऱ्याला अल्बममध्ये बोट ठेवून दाखवावे लागते, आणि तिसऱ्याला इतिहास लागतो. समोरचा यांपैकी काय म्हणतो आहे हे विचारून घेतले तर अर्धा तास वाचतो. प्रभावाचा मुद्दाही इथेच सुटा करावा: एखाद्या अल्बमने पुढच्या पिढीला वाट दाखवली म्हणून तो आज ऐकायला आनंद देतोच असे नाही, आणि फार थोड्यांना ठाऊक आहे म्हणून तो थोर ठरत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या विधानाबाबत सर्वांत उपयोगी प्रश्न हा: ही चूक आहे की निवड? ‘अननोन प्लेझर्स’चे उदाहरण मी नेहमी देतो, कारण इथे भांडण श्रोत्यांमध्ये सुरू होण्यापूर्वी बँडमध्येच झाले होते. मँचेस्टरच्या फॅक्टरी लेबलसाठी, स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत एप्रिल १९७९ मध्ये ध्वनिमुद्रण झाले तेव्हा मार्टिन हॅनेट या निर्मात्याने बँडचा रंगमंचावरचा धडाका काढून टाकून त्या जागी थंड, रिकामी पोकळी उभी केली. गिटारवादक बर्नार्ड समनर आणि बासवादक पीटर हुक यांना ते रुचले नव्हते. त्यांना प्रत्यक्ष कार्यक्रमातली ताकद हवी होती. आता दोन्ही बाजू कानाने तपासता येतात. ‘शीज लॉस्ट कंट्रोल’मध्ये तालाबरोबर जो ‘फस्स’ असा आवाज येतो तो माइकजवळ फवारलेल्या डब्याचा आहे. शेवटच्या गाण्यात काच फुटते. ढोलाचा प्रत्येक ठोका इतरांपासून सुटा, जणू वेगळ्या खोलीत वाजतो आहे. हॅनेटच्या बाजूने बोलणाऱ्याने हे क्षण दाखवावेत. विरुद्ध बाजूने बोलणाऱ्याने बँडचे त्याच काळातले प्रत्यक्ष कार्यक्रमातले ध्वनिमुद्रण लावावे आणि काय गमावले ते दाखवावे. मी हॅनेटच्या बाजूचा आहे, पण हुकचे म्हणणे ऐकल्यानंतर बासकडे माझे जितके लक्ष जाते तितके पूर्वी जात नसे.

याच्या दुसऱ्या टोकाला स्टीव्ह अल्बिनी उभा आहे. २०२४ मध्ये निधन पावलेला हा ध्वनिमुद्रक स्वतःला निर्माता म्हणवून घेत नसे आणि अल्बमच्या विक्रीतला वाटा नाकारत असे. बँड खोलीत जसा वाजतो तसा टिपणे हेच आपले काम, असे तो मानी. पिक्सीज या बँडच्या १९८८ च्या ‘सर्फर रोझा’मध्ये ढोलाभोवतीची खोली ऐकू येते ती त्यामुळे. ‘अननोन प्लेझर्स’ आणि ‘सर्फर रोझा’ एकामागून एक लावले की ‘आवाज कच्चा आहे’ हा आक्षेप किती सैल आहे ते ध्यानात येते.

तुलना करताना एक तांत्रिक काळजी न चुकता घ्यावी. दोन ध्वनिमुद्रणांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते ते कानाला अधिक चांगले वाटते, आणि एखाद-दोन डेसिबलचा फरकही पुरतो. तो फरक आवाजाच्या पातळीचा आहे हे ऐकणाऱ्याला जाणवत नाही, त्याला तो दर्जाचा वाटतो. जुना अल्बम आणि त्याचे नवे मास्टरिंग (विक्रीआधी ध्वनिमुद्रणावर केलेले शेवटचे संस्करण) यांवरचे कितीतरी वाद केवळ यामुळे भरकटतात. नवे मास्टरिंग पुष्कळदा मोठ्या आवाजाचे असते. तेव्हा गायकाची एकच ओळ दोन्हींत लावून आवाजाची पातळी हाताने जुळवावी आणि मग मत द्यावे. स्ट्रीमिंग सेवांमध्ये पातळी समान करण्याची सोय असते, स्पॉटिफायवर ती नेहमीच्या सेटिंगला उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) आसपास आणते, आणि अशा तुलनेसाठी ती चालू ठेवणे उत्तम.

चार-सहा जणांचा गट असेल तर आणखी एक पद्धत करून पाहण्यासारखी आहे. पंधरवड्यातून एकाने एक अल्बम सुचवावा, पण कोणी सुचवला हे चर्चा संपेपर्यंत उघड करू नये. प्रत्येकाने दोनदा ऐकल्यावर तीन वाक्ये लिहून आणावीत आणि त्यांत किमान एका ठिकाणी गाणे व मिनिट नमूद असावे. सुचवणारा अज्ञात असल्यामुळे कोणी कोणाचे मन राखत नाही आणि कोणी जुने उट्टेही काढत नाही. बोलताना ज्याला अल्बम सर्वांत कमी भावला त्याला पहिली संधी द्यावी. भारावलेल्यांनी आधी बोलून घेतले की साशंक माणूस गप्प बसतो. वर्षाअखेरीच्या क्रमवाऱ्यांबद्दल मी फार लिहीत नाही. पहिला की चौथा, यावर वेळ घालवण्यापेक्षा प्रत्येकाने आपला एक असा अल्बम आणावा जो इतर कोणाच्याच यादीत नाही.

अल्बम आवडला तर शक्यतो विकत घ्यावा, आणि शिफारशीसोबत कलाकाराच्या किंवा लेबलच्या स्वतःच्या विक्रीच्या पानाचा दुवा द्यावा. बँडकँप ही सेवा डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतून १० टक्के स्वतःकडे ठेवते; व्यवहाराचे शुल्क वजा जाता उरलेली रक्कम कलाकार किंवा लेबलकडे जाते. मार्च २०२० पासून ती काही ठरावीक शुक्रवारी आपला हिस्साही सोडत आली आहे, तेव्हा घाई नसेल तर खरेदीला तो दिवस निवडावा.

चर्चा संपली की आपल्या वहीत तारीख घालून दोन ओळी लिहाव्यात: आपण काय म्हणालो आणि समोरच्याने कोणत्या गाण्यातल्या कोणत्या जागेकडे बोट दाखवले. आठवड्याभराने ती जागा, वादातले चेहरे डोळ्यांपुढे न आणता, एकट्याने ऐकावी, आणि मत बदलले असेल तर त्या मित्राला गाण्याचे नाव आणि मिनिट लिहून तसे कळवावे.